कुमाऊंच्या वनपंचायती

सरकारी टिपणीत एक वाक्य वरचेवर आढळते : ‘या कामी स्थानिक जनतेचा सहभाग मिळवावा.’ या मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते कधी ना कधी लिहिले असेल. प्रस्तुत लेखकाने तर ते अनेक वेळा स्वच्छ प्रतीत उतरवून वरिष्ठांच्या सहीसाठी पाठविले आहे. या वाक्यात एक गृहीत दडलेले असते. काम सरकारचे, ते कसे करावयाचे हे ठरविणारे सरकार, आणि लोकांनी येऊन त्याला हातभार लावावयाचा, हे ते गृहीत होय. बदलीच्या निमित्ताने तीन वर्षे अल्मोड्यास काढावी लागली, तेव्हा या गृहीताच्या नेमका उलट असा एक इतिहास माझ्या पाहण्यात आला. तेथे काम लोकांचे होते आणि पुष्कळ जुने होते. त्यात सहभागी होण्याची पाळी सरकारवर आली होती. ही पाळी कशी आली, सरकारने ती कितपत निभावली आणि पुढे तिच्यातून हळूहळू अंग कसे काढून घेतले, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कुमाऊं म्हणजे आजच्या उत्तराखंड राज्याचा पूर्वभाग : अल्मोडा, नैनिताल, पिथोरागड, बागेश्वर, चंपावत आणि ऊधमसिंग नगर हे जिल्हे. इंग्रजी अमदानीतील कुमाऊं विभागात ब्रिटिश गढवालचाही समावेश होत असे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी अरुंद शेते, त्यांच्या माथ्यावर वस्ती आणि वस्तीच्या वर जंगल, अशी येथील गावांची ठेवण. शेताचा तुकडा लहान आणि जमीन हलकी. तिला खत हवे, खतासाठी गुरे हवीत, आणि गुरांना चारा व गोठ्यात अंथरावयास पाला हवा. तो सारा वरच्या जंगलातून यावयाचा. नांगराचे लाकूड, घराची तुळई, चुलीचे सरपण हेही तेथूनच. म्हणून जंगल ही शेतीबाहेरची वस्तू नव्हे; ते शेतीचेच वरचे अंग आहे.

या जंगलात दोन झाडांची नावे पुनःपुन्हा ऐकू येतात. एक बांज, म्हणजे हिमालयातील ओक. त्याचा पाला गुरे खातात, त्याच्या कुजलेल्या पानांचे उत्तम खत होते, आणि बांजाच्या रानाखालचे झरे आटत नाहीत अशी पहाडी माणसाची पक्की समजूत आहे. झऱ्यावर दगडी पायऱ्या बांधून केलेल्या लहानशा पाणवठ्याला तेथे ‘नौला’ म्हणतात. बांज तुटला की नौला सुकतो, हे तेथे लहान मूलही सांगते. दुसरे झाड चीड. ते उंच, सरळ वाढणारे, सुईसारख्या पानांचे. गळून पडलेल्या या सुयांना ‘पिरूल’ म्हणतात. पिरुलाचा थर इतका निसरडा होतो की त्यावरून माणूसच काय, गुरूही घसरून दरीत जावे. त्याखाली गवतही उगवत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या आरंभी तो थर जाळून टाकण्याची जुनी वहिवाट होती. पावसाबरोबर तेथे कोवळे गवत येई. कोकणात राब भाजणाऱ्या शेतकऱ्यांच्या वंशजांना ही वहिवाट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याच राबावरून वनखाते आणि रयत यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा तंटा झाला होता.

ही जुनी व्यवस्था सर्वथा निर्दोष होती, असे म्हणण्याचा हेतू नाही. वस्ती विरळ होती आणि जंगल अफाट होते. त्यामुळे राखणीचा प्रश्न पुष्कळ ठिकाणी उद्भवलाच नसेल. परंतु गावाजवळचे रान अमुक महिन्यात बंद ठेवावयाचे, अमुक दिवशी गवत कापण्यास उघडावयाचे, देवाच्या नावाने सोडलेल्या झाडांवर विळा चालवावयाचा नाही, असे निर्बंध गावोगाव होते. ते कोठे लिहिलेले नव्हते. हे न लिहिलेले असणेच पुढे त्यांना भोवले.

१८१५ साली गोरख्यांचा पराभव करून कंपनी सरकारने कुमाऊं घेतले. आरंभीच्या कमिशनरांपैकी ट्रेल या साहेबाने १८२३ साली जमीनबंदोबस्त करताना प्रत्येक गावाची शीव लिहून काढली. या शिवेच्या आत शेतांबरोबर चराऊ रान आणि जंगलही आले. विक्रम संवताचे ते १८८० वे वर्ष. म्हणून या शिवेला लोक ‘सन अस्सी’ची शीव म्हणू लागले. शिवेच्या आत जे आहे ते गावाचे, असा लोकांनी तिचा अर्थ घेतला. सरकारचा अर्थ वेगळा होता, पण तो उच्चारण्याची वेळ पन्नास-साठ वर्षे आली नाही.

ती वेळ लोहमार्गाने आणली. रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांसाठी साल आणि देवदार यांची तोड होऊ लागली. १८६४ साली ब्रांडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाला, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक. या दुसऱ्या कायद्याच्या वेळी सरकारातच मतभेद होता. वहिवाट म्हणजे हक्क नव्हे, ती सरकारने दिलेली सवलत आहे, ती काढून घेता येते, असा बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचा पक्ष. गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने राखावीत, असे ब्रांडिसचे म्हणणे. मद्रास सरकारने तर या विधेयकाला स्पष्ट विरोध केला.

या प्रसंगी पुण्याच्या सार्वजनिक सभेने पाठविलेला अर्ज मराठी वाचकांनी विसरू नये असा आहे. सभा १८७० साली स्थापन झालेली. १८७८ च्या मार्चमध्ये तिने सरकारला कळविले की दंड व शिक्षा यांचा पसारा वाढविण्यापेक्षा खेडुताला विश्वासात घ्यावे आणि रान राखण्यात त्याचा लाभ राहील अशी तजवीज करावी. त्याने वनरक्षणाचा हेतू अधिक सुलभपणे साधेल. आज जिला आपण नवी वननीती म्हणतो तिचे सार या अर्जात आहे. सरकारने तो दप्तरी दाखल केला. कायद्यात ग्रामवनाचे एक कलम मात्र उरले. ते पुढे १९२७ च्या वनकायद्यात अठ्ठाविसावे कलम म्हणून आले आणि देशाच्या बहुतेक भागात कागदावरच राहिले.

कुमाऊंत या धोरणाचा घाव १८९३ साली बसला. त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरच्या जाहीरनाम्याने सर्व ‘बेनाप’ जमीन, म्हणजे शेतसाऱ्यासाठी ज्या जमिनीची मोजणी झाली नव्हती ती सारी, संरक्षित वन ठरविण्यात आली. मोजलेली ती ‘नाप’ आणि न मोजलेली ती ‘बेनाप’, असे हे दोन महसुली शब्द. एखाद्या जमिनीची मोजणी न होण्याचे कारण तिच्यावर सारा नव्हता एवढेच. तिच्यावर कोणाचा हक्क नव्हता असे नव्हे. पण कारकुनी शब्दाचा अर्थ लेखणी ज्याच्या हाती तो ठरवितो. गावाचे चराऊ रान, सरपणाचे रान, नौल्याच्या वरचे बांजाचे रान ही सारी एका जाहीरनाम्याने सरकारजमा झाली.

याहून मोठा घाव १९११ ते १९१७ या काळात बसला. या सहा वर्षांत कुमाऊं विभागातील ३,००० चौरस मैलांहून अधिक जंगल राखीव करून वनखात्याच्या हवाली करण्यात आले. त्यापैकी सुमारे १,००० चौरस मैल आजच्या कुमाऊंच्या हद्दीतील होते. या वेळेपर्यंत चिडाला बाजारभाव आला होता. त्याच्या खोडाला खाच पाडून लिसा, म्हणजे राळेचा चीक, काढीत आणि त्यापासून टर्पेंटाइन होई. लाकडाला औषध लावून त्याचे स्लीपरही करता येऊ लागले. त्यात महायुद्ध सुरू झाले आणि मागणी वाढली. राखीव वनात वणवा लावण्यास बंदी झाली, पाला छाटण्यावर निर्बंध आले, एका घराने किती गुरे चारावयाची याचे आकडे ठरले. नियम मोडला की वनरक्षक दारात उभा राही. इंग्रजीतील ‘पॅट्रोल’ या शब्दाचा कुमाऊंनी बोलीत ‘पतरौल’ झाला. सरकार या संस्थेचे डोंगरातील माणसाला जे रोजचे दर्शन घडे ते पतरौलाच्या रूपाने.

आता १९२१ च्या वर्षाकडे वळू. त्या वर्षी कुमाऊंत दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. जानेवारीत मकरसंक्रांतीस बागेश्वर येथे सरयू आणि गोमती यांच्या संगमावर उत्तरायणीचा मेळा भरला होता. दौऱ्यावरील अंमलदारांचे ओझे गावकऱ्यांनी फुकट वाहावयाचे, अशी ‘कुली बेगार’ नावाची जाचक प्रथा तेव्हा चालू होती. कोणाची पाळी केव्हा हे गावच्या पधानाकडील नोंदवहीत लिहिलेले असे. बद्रीदत्त पांडे आणि त्यांचे सहकारी यांच्या आवाहनावरून हजारो लोकांनी पुढे बेगार न करण्याची शपथ घेतली आणि त्या वह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या. ती प्रथा तेथेच बुडाली.

दुसरी गोष्ट उन्हाळ्यात घडली. एप्रिलपासून राखीव वनांना जागोजाग आगी लागू लागल्या. त्या आपोआप लागलेल्या नव्हत्या. वनखात्याची पहाऱ्याची यंत्रणा त्यांच्यापुढे हतबल झाली, कारण आग विझविण्यास गावातून माणूस येईना आणि आग कोणी लावली याची साक्ष देण्यास कोणी पुढे होईना. या आगींविषयी एक बाब इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी ध्यानात आणून दिली आहे. जळाली ती प्रामुख्याने चिडाची राने, जेथून लिसा आणि स्लीपर निघत असत; बांजाची राने लोकांनी बहुधा जाळली नाहीत. म्हणजे हा नुसता संतापाचा वणवा नव्हता. आपले कोणते आणि सरकारचे कोणते, हा निवाडा आग लावणाऱ्याने मनाशी केलेला होता. ज्या मालकीची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती, ती अशी राखेने लिहिली गेली.

सरकार हादरले आणि त्याने समिती नेमली. ही ‘कुमाऊं फॉरेस्ट ग्रीव्हन्सेस कमिटी’ होय. कमिशनर विंडहॅम हे तिचे अध्यक्ष. आपल्या काळातील समित्यांची रीत पाहता या समितीने केलेले काम थोडे थक्क करणारे आहे. ती डोंगरात हिंडली आणि तिने ५,००० हून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या. साऱ्या साक्षींचा सूर एकच होता : आमचे रान आम्हाला परत द्या आणि पतरौल काढा. समितीने शिफारस केली की ज्या वनांना व्यापारी मोल फारसे नाही ती ‘पहिल्या वर्गा’त घालून वनखात्याच्या ताब्यातून काढावीत आणि तेथील निर्बंध सैल करावेत, चीड, साल यांची मोलाची राने ‘दुसऱ्या वर्गा’त घालून तेवढी खात्याने ठेवावीत. आणि जेथे गाव तयार असेल तेथे रानाचा कारभार गावाच्या पंचायतीकडे द्यावा.

याच सुमारास, १९२२ साली, अल्मोड्याच्या एका तरुण वकिलाने कुमाऊंच्या वनप्रश्नावर इंग्रजीत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तो वकील म्हणजे पुढे स्वतंत्र भारताचे गृहमंत्री झालेले गोविंद वल्लभ पंत. ‘सन अस्सी’च्या शिवेतील रान ही गावाची वहिवाटीची मालमत्ता आहे, ही लोकांची बाजू त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडली. कुमाऊंच्या पंतांच्या घराण्यात अशी परंपरा सांगतात की त्यांचे मूळपुरुष काही शतकांपूर्वी महाराष्ट्रातून हिमालयात आले. अल्मोड्याच्या बाजारात ‘पंत’, ‘जोशी’ अशा पाट्या वाचताना घराबाहेर पडलेल्या मराठी माणसाला क्षणभर चुकल्यासारखे होते, त्याला ही परंपरा गोड वाटावी यात नवल नाही.

१९२५ पर्यंत पहिल्या वर्गाची राने वनखात्याकडून निघाली. पंचायतींची योजना मात्र प्रत्यक्षात येण्यास आणखी काही वर्षे गेली; तत्पूर्वी मद्रास इलाख्यातील अशाच प्रयोगाची पाहणी झाली. अखेर १९३१ साली, १८७४ च्या शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्टाखाली, कुमाऊंच्या वनपंचायतींचे नियम जारी झाले. गावकऱ्यांनी डेप्युटी कमिशनरकडे अर्ज करावयाचा, हरकती ऐकून वनाची सीमा ठरावयाची, गावाने पंच निवडावयाचे, पंचांनी सरपंच निवडावयाचा. रान केव्हा उघडावे, किती घ्यावे, राखणदार किती ठेवावा, नियम मोडणाऱ्यास दंड किती करावा, हे पंचांनी ठरवावयाचे. उभे झाड तोडण्यावर आणि रानाची विक्री करण्यावर सरकारी अंकुश राहिला. तरी हिंदुस्थानात गावाच्या हाती जंगलाचा कायदेशीर कारभार देणाऱ्या अगदी जुन्या व्यवस्थांपैकी ही एक आहे, आणि ती आजही चालू आहे.

अल्मोड्यापासून बसने दोन तासांच्या आणि पुढे पायी तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गावी मला अशा एका पंचायतीचे दप्तर पाहावयास मिळाले. आमच्या कचेरीतील एक पहाडी सहकारी मला आपल्या सासुरवाडीस घेऊन गेला होता. सरपंच सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी लोखंडी पेटीतून कापडात बांधलेल्या जुन्या वह्या काढल्या. शाई फिकट झालेली, कागद कडांना विटलेला. अमुक तिथीस गवताचे रान उघडले. घरटी एक माणूस, एक विळा. बाहेरगावच्या बकऱ्या रानात शिरल्या, मालकास दंड. राखणदाराचे धान्य अमुक घरांकडून येणे बाकी. पानामागून पान याच मजकुराचे. प्रत्येक बैठकीखाली सह्या, आणि सह्यांहून अधिक अंगठे.

मी कारकून माणूस. दप्तर कसे ठेवले आहे हे मला कळते. या वह्यांत खाडाखोड होती, बेरजेच्या चुका होत्या, पण रकाना भरण्यासाठी भरलेला एकही मजकूर नव्हता. एका पानावर सरपंचांनी बोट ठेवले. चोरून बांज छाटल्याबद्दल दंड झालेल्या एका माणसाचे नाव तेथे होते. “बाबूजी, हे माझे आजोबा,” ते म्हणाले. “दंड लिहिणारा पंच त्यांचा सख्खा मेहुणा.” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि एकवीस साली साहेबाच्या जंगलाला काडी लावणाऱ्यांतही हेच होते, असे आमच्या घरात सांगतात.”

घरातील आठवणीला पुरावा मानता येत नाही, हे मी जाणतो. परंतु कुमाऊंच्या इतिहासाचा मुख्य मुद्दा त्या एका माणसाच्या चरित्रात सामावलेला आहे. सरकारी रानाला आग लावणारा, पुढे आपल्या पंचायतीच्या रानात चोरी करून सापडणारा, आणि तरीही ज्याचे नातवंड त्याच रानाची किल्ली कमरेला लावून वावरते, असा तो माणूस. लोक स्वभावतःच रानाचे रक्षक असतात हा भाबडेपणा झाला. लोक स्वभावतःच रानाचे शत्रू असतात ही वनखात्याची जुनी समजूत. पहाडातील माणूस यांपैकी काहीच नव्हता. नियम त्याने स्वतः केला, दंडाची पावती शेजाऱ्याने फाडली आणि वाचलेले गवत आपल्याच गोठ्यात आले, तेव्हा तो राखणदार झाला. अरुण अग्रवाल या अभ्यासकाने कुमाऊंच्या पंचायतींवरील आपल्या २००५ च्या ग्रंथात बहुतांशी हेच प्रतिपादन केले आहे : राखणीच्या कामात भाग घेता घेता माणसाची रानाकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

पंचायतींत उणिवा नव्हत्या असे नाही. फार लहान गावाला राखणदाराचा पगार झेपत नसे आणि त्याचे रान उघडे पडे. सरपंच दुबळा वा स्वार्थी निघाला की वहीत बैठका होत आणि रानात कुऱ्हाडी चालत. शिल्पकार, म्हणजे तेथील दलित कारागीर, यांचा आवाज पंचांत क्वचितच उमटे. आणि जंगलाचे सारे काम ज्यांच्या डोक्यावर, त्या स्त्रिया बैठकीस नसतच. भारा आणावयाचा बायकांनी आणि भारा किती हे ठरवावयाचे पुरुषांनी, अशी ही पंचायत पुष्कळ वर्षे चालली. १९७४ च्या २६ मार्चला गढवालातील रैणी गावी गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडांना बिलगून उभ्या राहिल्या, तेव्हा गावात पुरुष नव्हते. ‘चिपको’ आंदोलनाच्या त्या प्रसंगाने पंचायतीच्या वहीत न आलेली ही बाजू साऱ्या जगाला दिसली. स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा कायद्याने मिळण्यास एकविसावे शतक उजाडले.

इतके असूनही हिशेब मांडला तर तो पंचायतींच्या बाजूने उतरतो. ई. सोमनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली उपग्रहचित्रांच्या आधारे केलेली तुलना अशी की पंचायतींची राने वनखात्याच्या रानांहून वाईट स्थितीत नाहीत, आणि खात्याला दर हेक्टरी येणारा खर्च पंचायतीच्या निदान सातपट आहे. लेखापरीक्षेच्या दृष्टीनेही हा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे.

मग सरकारने काय केले? येथून पुढचा इतिहास कोणा एका दुष्ट माणसाचा नाही. तो आपल्यासारख्यांनी सद्हेतूने लिहिलेल्या टिपणांचा आहे. १९७६ मध्ये पंचायतींचे नियम वनकायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाखाली नव्याने झाले. पंचायतीच्या लिशाचे आणि लाकडाचे उत्पन्न वरच्या कचेऱ्यांतून फिरून येऊ लागले. पैसा कधी येई, कधी वाटेत अडके. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लोकांच्या गरजांना अग्रस्थान दिले, आणि १ जून १९९० च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकाने उजाड वनांच्या पुनरुज्जीवनासाठी ग्रामसमूहांना सामील करून घेण्याचे ठरले. बंगालमधील मिदनापूर जिल्ह्यात आराबाडी येथे १९७२ पासून चाललेल्या प्रयोगाची पुण्याई या परिपत्रकामागे होती. जेथे गावाला काहीच अधिकार नव्हता तेथे हे पुढचे पाऊल होते, यात शंका नाही. पण हीच ‘संयुक्त वनव्यवस्थापना’ची योजना १९९७ च्या सुमारास कुमाऊंत आली, तेव्हा विपरीत घडले. ज्या पंचायती साठ-साठ वर्षे आपले रान आपण सांभाळीत होत्या, त्यांच्या नियोजनात आणि हिशेबात वनखात्याच्या कर्मचाऱ्याचा हात आला, आणि या बदलाला नाव मिळाले ‘लोकसहभाग’. नव्या राज्यात २००१ व २००५ साली नियम पुन्हा बदलले. पंचायतींची संख्या झपाट्याने वाढून अकरा हजारांच्या पुढे गेली. पण त्यांतील कित्येक अर्ज गावाने केलेले नव्हते, उद्दिष्ट वरून ठरलेले होते. गावाने मागून घेतलेली पंचायत आणि आकडा पुरा करण्यासाठी स्थापलेली पंचायत, या दोहोंना अहवालात एकच रकाना असतो.

१९३० साली, कुमाऊंचे नियम होण्याच्या आदल्याच वर्षी, आपल्या महाराष्ट्रातही जंगल सत्याग्रह झाला. पुसद येथे बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. बिळाशीस शेतकरी उठले. चिरनेर येथे २५ सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे पडली. पण आपल्याकडे त्या लढ्याच्या पोटी वनपंचायत जन्मास आली नाही. सार्वजनिक सभेचा अर्ज जेथून गेला त्या मुलखाला गावाच्या हक्काची सनद मिळण्यास २००६ च्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने त्या कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावरील सामूहिक हक्क मिळविला, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्याने विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष वापरला. सर्वांच्या एकमताशिवाय निर्णय न घेणाऱ्या त्या ग्रामसभेची आणि अल्मोड्याजवळच्या त्या लोखंडी पेटीची जात एकच आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नैनितालच्या आसपासची जंगले पेटली. वायुदलाचे हेलिकॉप्टर भीमतालच्या सरोवरातून बादलीने पाणी उचलून डोंगरावर ओतीत होते, ती छायाचित्रे सर्व वृत्तपत्रांत आली. जवानांचे कौशल्य वादातीत आहे. मला मात्र ते पाहताना १९२१ चे स्मरण झाले. त्या वेळी लोकांनी आग लावली, कारण रान त्यांचे राहिले नव्हते. आज आगीची कारणे अनेक असतील. बदलते हवामान, पिरुलाचे साठलेले थर, ओस पडत चाललेली गावे. पण डोंगरावर धूर दिसताच हिरव्या फांद्या घेऊन धावणारी माणसे सर्वत्र राहिलेली नाहीत, आणि त्यांच्या जागी पाण्याची बादली आकाशातून आणावी लागते, ही वस्तुस्थिती आहे.

त्या सरपंचांनी वह्या पुन्हा कापडात बांधल्या, तेव्हा मी सहज विचारले की नव्या नियमांप्रमाणे छापील नमुने आले असतील, ते कोठे आहेत? त्यांनी फडताळाकडे हात केला. नमुन्यांचा गठ्ठा नीट रचून ठेवलेला होता. “ते साहेब येतात तेव्हा भरतो,” ते म्हणाले. “ही आमची.” परत आल्यावर एका टिपणीत ते परिचयाचे वाक्य मला पुन्हा उतरवून घ्यावयाचे होते. ते मी उतरविले, कारण ते माझे काम आहे. परंतु तेव्हापासून ‘सहभाग’ या शब्दाशी माझी लेखणी क्षणभर थबकते, आणि कोणाच्या कामात कोणाचा, हा प्रश्न मी निदान मनातल्या मनात समासात लिहून ठेवतो.